वेताळ: मुखपृष्ठावरचा आणि आतला

माळ्यावरची ट्रंक
गेल्या आठवड्यात साताऱ्याचं घर आवरायला गेले होते. माळ्यावर बाबांची पत्र्याची ट्रंक निघाली आणि तिच्यात, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले, इंद्रजाल कॉमिक्सचे एकतीस मराठी अंक! तेवीस वेताळाचे, म्हणजे जंगलात राहणाऱ्या त्या मुखवटेवाल्या नायकाचे, बाकी जादूगार मॅन्ड्रेक आणि बहादूर. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. धोतराची घडी त्यांचीच होती, म्हणून ती उलगडायलाच मला बराच वेळ लागला.

अंक चाळताना एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली. मुखपृष्ठावरचा वेताळ वेगळा आणि आतला वेगळा. बाहेरचा रंगांनी रंगवलेला, भरदार, एखाद्या सिनेमाच्या पोस्टरसारखा. आतला रेघांचा. त्यातही आतले दोन प्रकार आहेत. काही अंकांत तो अंगाने पिळदार, चपळ, मागे दाट जंगल. काहींत मात्र ताठ उभा, जाड रेघांचा, मागे जवळजवळ काहीच नाही. लहानपणी हे सगळे मला एकच वाटायचे.

तर प्रश्न असा, की हे काढलं कोणी? एकाच चित्रकाराची वेगवेगळ्या वयातली चित्रं आहेत की माणसंच वेगळी? दुसरा प्रश्न, हे अंक आता जपायचे कसे? पिना गंजल्यात. आणि तिसरं, वेताळ आणि डायनाच्या लग्नाच्या अंकाचं शेवटचं पान नाहीये. ते माझ्या आठवणीत कधीच नव्हतं.

तिखटमीठ
एकतीस अंक! ताई, साताऱ्यात कुठे राहता तेवढं सांगू नका, नाहीतर उद्या दारात रांग लागेल.

बोरूबहाद्दर
माणसंच वेगळी आहेत, ताई. तुमचा डोळा चांगला आहे. मी चित्रकला शिकवतो आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोजच्या चित्रपट्टीच्या, म्हणजे तीन-चार चौकटींच्या आडव्या ओळीच्या रूपात सुरू झाला. लेखक ली फॉक. सुपरमॅन १९३८चा, बॅटमॅन १९३९चा. म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पोशाख, मुखवटा आणि बुबुळं नसलेले पांढरे डोळे हे सगळं त्या दोघांच्या आधी याने आणलं. त्या पांढऱ्या डोळ्यांची कल्पना फॉकला ग्रीक पुतळ्यांवरून सुचली होती. संगमरवरी चेहऱ्याला बुबुळं नसतात आणि म्हणूनच तो माणूस असूनही माणसापलीकडचा वाटतो. एवढ्याशा युक्तीने पात्राला भारदस्तपणा आला. वर्गात मी हे फळ्यावर काढून दाखवतो. त्याच चेहऱ्यावर दोन ठिपके दिले की वेताळ लगेच शेजारचा कोणीतरी होतो.

पहिला चित्रकार रे मूर. तो आधी मॅन्ड्रेकच्या चित्रकाराचा, फिल डेव्हिसचा मदतनीस होता. मूरचं काम कुंचल्याचं. अर्धा चेहरा अंधारात, सावल्या लांबच लांब, वेताळ सडपातळ आणि थोडा भीतिदायक. महायुद्धात मूर सैन्यात गेला आणि त्याच्या मदतनिसाने, विल्सन मॅकॉयने, काम हाती घेतलं. मॅकॉय १९६१ साली वारला. मधे थोडा काळ बिल लिग्नान्ते होता आणि मग आला साय बॅरी. तो १९९४ पर्यंत होता, तब्बल तेहतीस वर्षं.

तुमचा 'पिळदार, मागे दाट जंगल' तो साय बॅरीचा. 'ताठ, जाड रेघांचा' तो मॅकॉयचा. मी पैजेवर सांगतो.

माळ्यावरची ट्रंक
धन्यवाद! पण एक कळलं नाही. मॅकॉय १९६१ साली गेला, तर त्याची चित्रं नंतरच्या अंकांत कशी?

रविवारची पुरवणी
ते मी सांगतो. इंद्रजाल टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये मुंबईतून सुरू केलं. पहिल्या अंकाची किंमत साठ पैसे, आणि कथा वेताळाच्या कमरपट्ट्याची. वेताळ त्याआधी इलस्ट्रेटेड वीकलीतून इंग्रजी वाचकांना माहीत होता, पण आपल्या भाषेत घराघरांत पोचला तो इंद्रजालमुळे. त्यांनी कथा क्रमाने छापल्या नाहीत. जुन्या चित्रपट्ट्यांचा मोठा साठा हाताशी होता, त्यातून निवडून छापायचे. त्यामुळे या पंधरवड्याला पन्नासच्या दशकातली मॅकॉयची कथा आणि पुढच्या पंधरवड्याला साय बॅरीची ताजी, असं व्हायचं. कमरपट्ट्याची ती पहिली कथाही मॅकॉयच्या काळातलीच.

अंक आधी मासिक, मग पाक्षिक आणि शेवटी साप्ताहिक झाला. १९९० साली बंद पडला तोवर आठशेच्या वर अंक निघाले होते. सुरुवातीला फक्त वेताळ होता. मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी नंतर आले. १९७६ साली आबिद सुरतींचा बहादूर आला, भगवा कुर्ता आणि जीन्स घालून डाकूंशी लढणारा आपला माणूस. त्याची चित्रं गोविंद ब्रह्मनिया यांची.

आणि ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. इंद्रजालची सुरुवातीची मुखपृष्ठंही याच गोविंद यांनी केली. म्हणजे तुमच्या ट्रंकेतल्या जुन्या अंकांवर 'बाहेरचा' वेताळ इथला आणि 'आतला' अमेरिकेचा. सुरुवातीच्या अंकांना मागच्या बाजूला भिंतीवर लावायला पानभर चित्र असायचं. तुमच्या अंकांची मागची पानं शाबूत आहेत का?

माळ्यावरची ट्रंक
चार अंकांची नाहीत! कातरीने नीट सरळ कापून काढली आहेत. आता कळलं. बाबांच्या खोलीच्या भिंतीवर खळीचे चौकोनी डाग होते, आजी त्यावरून कायम बोलायची.

शेंगदाणा चिक्की
आमच्याकडे त्याच जागी आधी गणपतीचं कॅलेंडर होतं. वेताळ लागल्यावर कॅलेंडर दाराच्या मागे गेलं. आजोबांनी दोन दिवस अबोला धरला होता.

बोरूबहाद्दर
गोविंद यांच्याबद्दल पुरवणीरावांनी लिहिलं ते वाचून बरं वाटलं, कारण मला सर्वात जास्त हेच सांगायचं होतं. आपण 'वेताळ' म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तो बहुतेकांचा मुखपृष्ठावरचा. वडाच्या पारंब्या, कवटीची गुहा, घोड्यावर मागे वळून बघणारा तो. ती पोस्टर रंगात रंगवलेली चित्रं मुंबईत बसून काढली गेली. आतल्या पट्टीत रेघ आधी आणि रंग नंतर. मुखपृष्ठावर रेघ नाहीच, रंगाच्या वजनावर शरीर उभं केलंय. मांडीवर पडलेला उजेड बघा, घोड्याच्या मानेवरचा घाम बघा. आपल्याकडे चित्रकार म्हटलं की दालनातली नावं घेतली जातात. साठ पैशांत घरोघरी पोचलेल्या या चित्रकाराचं नाव त्या यादीत मला कधी दिसलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोठेनबर्गकर
धागा पाहून राहवलं नाही. पंधरा वर्षं स्वीडनमध्ये आहे. इथे वेताळाचं नाव फान्तोमेन. १९५० पासून त्याच्या नावाचं नियतकालिक निघतंय आणि पुढे इथल्याच लेखक-चित्रकारांनी नव्या कथा रचायला सुरुवात केली. एस्किल्स्टूना गावच्या प्राणिसंग्रहालयात त्याची कवटीची गुहासुद्धा उभारली होती. ऑफिसातल्या साठीच्या सहकाऱ्याला मी सांगितलं की आमच्या गावी मिरजेला मी हा मराठीत वाचायचो, तर त्याला खरंच वाटेना.

पण आमची जुंपली ती रंगावरून! इथे वेताळ निळा आहे. तो म्हणाला, जांभळा वेताळ ही काय चूक आहे? मी म्हटलं, चूक तुमची.

तिखटमीठ
वेताळ जांभळाच. यावर चर्चा नाही.

बोरूबहाद्दर
चर्चा आहे :) फॉकच्या मनात तो करडा होता. 'करडं भूत' असं नाव द्यायचाही त्याचा विचार होता. पण रोजची पट्टी काळी-पांढरी, त्यामुळे तीन वर्षं रंगाचा प्रश्नच आला नाही. मे १९३९ मध्ये रविवारचं रंगीत पान सुरू झालं तेव्हा छपाईत तो जांभळा झाला आणि तसाच राहिला. बाहेरच्या देशांतल्या छापणाऱ्यांनी आपापले रंग ठरवले. स्वीडनमध्ये निळा. इटली, तुर्कस्तान, ब्राझीलमध्ये लाल. आपल्या इंद्रजालचेही अगदी सुरुवातीचे काही अंक निळ्या पोशाखाचे आहेत, जांभळा नंतर आला. ट्रंकताई, तुमच्याकडे निळा आहे का बघा. असेल तर तो अंक जुना.

सिडनीची सून
इथे ऑस्ट्रेलियात १९४८ पासून फ्र्यू नावाची प्रकाशनसंस्था त्याचे अंक काढते. सासरे अजून घेतात. पण मला वेगळंच सांगायचंय. एका प्रदर्शनात मी पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या वाहगी खोऱ्यातली एक लढाईची ढाल पाहिली. माणसाच्या उंचीची, आणि तिच्यावर रंगवलेला वेताळ! टोळ्यांच्या खऱ्या लढायांत वापरायच्या ढाली. जो मरत नाही त्याचं चित्र ढालीवर, म्हणजे ढाल धरणाराही मरणार नाही, अशी त्यामागची श्रद्धा. मी पुढ्यात उभी राहिले आणि अंगावर काटा आला. मुखवटा ओबडधोबड होता, पण कमरेच्या चड्डीवरचे तिरपे पट्टे अचूक. मला वाटतं पट्टे हीच त्याची खरी ओळख.

आमोण्याचो
नमस्कार. गोव्याहून. सगळे चित्रांबद्दल बोलताहेत, मी नावाबद्दल बोलतो. 'फँटम'चं मराठीत 'वेताळ' कोणी केलं त्या माणसाला माझा दंडवत.

आमच्या आमोणे गावात बेताळाचं देऊळ आहे. गोव्यात आणि तळकोकणात वेताळ म्हणजे गावाचा राखणदार. रात्री तो गावाच्या शिवेवरून फिरतो अशी समजूत आहे. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला चामड्याच्या नव्या वहाणा वाहतात. जुन्या वहाणांचे तळवे घासलेले दिसतात असं म्हातारी माणसं सांगायची. आता फॉकच्या नायकाचं बिरूद आठवा: चालणारं भूत. जंगलाची राखण करतो, रात्री फिरतो, मरत नाही. बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो, आताचा एकविसावा, आणि लोकांना वाटतं चारशे वर्षं एकच माणूस चालतोय.

माझ्या आज्याला अक्षर येत नव्हतं. मी अंक वाचून दाखवायचो. तो शांतपणे ऐकायचा आणि विचारायचा, "याच्या वहाणा कोण देतं?" मी सांगायचो, आजोबा, याला बूट आहेत. त्यावर तो म्हणाला, "मग बूटही झिजत असणार."

माळ्यावरची ट्रंक
आमोण्याचो, हा प्रतिसाद मी आईला फोनवर वाचून दाखवला. ती मूळची वेंगुर्ल्याची. ती म्हणाली, "आमच्याकडेही वाहतात, मी स्वतः बघितल्यात."

कवडसा
+१. वाचनखूण साठवली.

जुनी वही
सगळ्यांचा उत्साह बघून आनंद झाला, पण एक खुपणारी गोष्ट मांडते. मीही यावरच वाढले. तरी आता वाचताना गोरा माणूस सिंहासनावर आणि भोवती त्याला मानणारे काळे बुटके लोक हे चित्र मला सहज गिळता येत नाही. सुरुवातीला तर ही कथा आपल्याच बाजूला घडत होती. मूळ देशाचं नाव 'बेंगाली' आणि चाच्यांच्या टोळीचं नाव 'सिंग'. इथे छापताना लोक दुखावतील म्हणून इंद्रजालने देशाचं 'डेंकाली' केलं, सिंगचं 'सिंगा' केलं आणि वेताळाच्या वडिलांना मारणाऱ्या 'रामा'चं 'रामालू' केलं. म्हणजे आपली नावं आपण बदलून घेतली. गुरान हा त्या बुटक्या बांडार लोकांचा म्होरक्या. त्याच्या लोकांची नावं बदलायला कोण होतं?

तिखटमीठ
कॉमिक आहे हो. लहान मुलांच्या गोष्टीत एवढं कशाला शोधायचं?

जुनी वही
लहान मुलांच्या गोष्टीतच शोधायला हवं. जे दहाव्या वर्षी डोळ्यांत बसतं ते पन्नाशीत निघत नाही. या धाग्यावरचा प्रत्येक प्रतिसाद त्याचा पुरावा आहे.

रविवारची पुरवणी
जुन्या वहीशी सहमत आहे, आणि एक भर घालतो. फॉक १९९९ मध्ये वारला तोपर्यंत स्वतः लिहीत होता. साठच्या दशकात आफ्रिकेतले देश स्वतंत्र होऊ लागले तसा त्याचा देशही बदलला. राष्ट्राध्यक्ष लुआगा आला, काळा, मूळचा डॉक्टर, निवडून आलेला. डायना संयुक्त राष्ट्रसंघात नोकरीला लागली. साय बॅरीच्या चित्रांत शहर, विमानतळ, दवाखाने दिसू लागले. सिंहासन मात्र गुहेतच राहिलं, हे खरं.

बोरूबहाद्दर
चित्राच्या अंगाने बघितलं तरी वहीताईंचं म्हणणं पटतं. मॅकॉयच्या पट्टीत बांडार लोकांचे चेहरे जवळपास एकसारखे आहेत. बॅरीने गुरानला म्हातारपण दिलं, सुरकुत्या दिल्या, नजर दिली. माझ्या मते ही त्याची मोठी कमाई. त्याचा भाऊ डॅन बॅरी फ्लॅश गॉर्डन काढायचा. घरातच रेघ मुरलेली.

पण एक मात्र मला मॅकॉयच्या बाजूने बोलायचंय, कारण त्याला सगळेच नावं ठेवतात. त्याची रेघ साधी आहे. तो ओळखीच्या लोकांना उभं करून, फोटो काढून, त्यावरून चित्रं काढायचा. म्हणून ती माणसं थोडी फोटोला उभी राहिल्यासारखी दिसतात. पण कथा सांगण्यात तो पक्का होता. कोण कुठे उभा आहे, कोणाचा हात कशावर आहे, एका नजरेत कळतं. नुकतं वाचायला लागलेलं पोर मॅकॉयच्या अंकात कधी हरवत नाही.

गोठेनबर्गकर
इथे तर मॅकॉयचेच भक्त जास्त! माझा तो सहकारीही त्यातलाच. बॅरीबद्दल म्हणतो, "फार देखणा आहे."

बोरूबहाद्दर
आणखी एक. ताई, तुमच्या अंकातलं कुठलंही पान घ्या आणि चौकटींच्या कडा बघा. कुठे हात अर्धा कापलाय, कुठे डोक्यावरची जागा गेलीय, असं दिसेल. मूळ पट्टी आडवी, रोजच्या तीन-चार चौकटी. त्या कापून उभ्या पानावर बसवायच्या, ठरलेल्या पानांत आख्खी कथा मावली पाहिजे, म्हणून काही चौकटी गाळायच्या, काही छाटायच्या. सोमवारच्या पट्टीत आधीच्या आठवड्याचं थोडं परत सांगितलेलं असे, ते काढून टाकायचं. शिवाय काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना रंग भरायचा आणि फुग्यांत इंग्रजी पुसून मराठी लिहायचं. हे करणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. मराठी अक्षर नेहमी जास्त जागा घेतं, तरी ते फुग्यात बसवलंय, शिरोरेषा न तोडता. जरा भिंगाखाली बघा ते अक्षर. मला तर ते बघूनच सुलेखनाची गोडी लागली.

शेंगदाणा चिक्की
अवांतर: अनंत पैसुद्धा आधी टाइम्समध्ये इंद्रजालच्याच कामात होते ना? मग १९६७ मध्ये अमर चित्रकथा.

रविवारची पुरवणी
हो, बरोबर. वेताळाला मिळालेला प्रतिसाद त्यांनी आतून बघितला होता. आपल्या पुराणांच्या गोष्टी याच पद्धतीने सांगायला निघण्यापूर्वीचं त्यांचं शिक्षण तिथे झालं असं म्हणायला हरकत नाही.

कागदकाम
जपण्याबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. बांधणीचं काम करतो, तीस वर्षं झाली.

ताई, चिकटपट्टी अजिबात लावू नका. लॅमिनेशन करू नका. दोन्हीने अंक कायमचा जातो. हा कागद वर्तमानपत्री जातीचा, त्यातल्या लाकडाच्या अंशामुळे उजेडात पिवळा पडतो आणि तुकडे पडतात. गंजलेल्या पिना आधी काढा. ओढायच्या नाहीत. मागची दोन टोकं बोथट सुरीने उभी करायची आणि मग अलगद बाहेर. त्याच भोकांतून सुती दोरा ओवून सैल गाठ मारा. अंक उभे ठेवू नका, आडवे ठेवा, आठ-दहाच्या वर थप्पी नको. ट्रंकेत ओल धरत असेल तर ट्रंक बदला. धुतलेलं सुती कापड उत्तम, म्हणजे तुमच्या वडिलांनी केलं ते योग्यच होतं. कसरीसाठी वेखंडाची पुरचुंडी ठेवा, पण कागदाला टेकू देऊ नका. आणि एकत्र जाड बांधणी करू नका. माझ्याकडे लोक वीस-वीस अंक घेऊन येतात, 'बांधून द्या' म्हणतात. बांधताना कडा कापाव्या लागतात आणि आधीच छाटलेलं चित्र आणखी छाटलं जातं. मी नाही म्हणून सांगतो.

माळ्यावरची ट्रंक
कागदकामकाका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. दोन संध्याकाळी लागल्या. पहिली पिन काढताना हात थरथरत होता, मग सवय झाली.

सगळे अंक भिंगाखाली बघितले. बोरूबहाद्दर, तुम्ही पैज जिंकलात. ताठ वेताळाच्या सात कथा आहेत, बाकी सोळा बॅरीच्या. चौकटी छाटलेल्या आता जागोजागी दिसतात. एका ठिकाणी तर डायनाचा नुसता खांदा उरलाय आणि तिचं बोलणं मात्र पूर्ण आहे. अक्षराबद्दल तुम्ही लिहिलंत ते बघून मी थक्क झाले. 'ळ' प्रत्येक वेळी सारखा, इतक्या लहान जागेत. आणि हो, एक अंक निळा आहे! सर्वात खाली होता, वेगळ्या कागदात.

जुनी वही, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझी भाची दहा वर्षांची आहे, तिला हे अंक दाखवणार आहे. तिच्या शेजारी बसून दाखवीन.

आता फक्त लग्नाचा अंक राहिला. कवटीच्या गुहेपाशी पाहुणे जमलेत, मॅन्ड्रेक आलाय, लुआगा आलाय, आणि माझा अंक तिथेच संपतो. बाबांना मी लहानपणी विचारायचे, पुढे काय झालं? ते दर वेळी वेगळं सांगायचे. कधी चाचे आले, कधी वेताळाने मुखवटा काढला, एकदा तर लग्नाला आम्हीही गेलो होतो. कोणाकडे मराठी अंक आहे का? इंग्रजी नको. मला तेच अक्षर हवंय.

तिखटमीठ
मुखवटा काढला नाही एवढं मी सांगू शकतो.

आमोण्याचो
ताई, माझ्याकडे आहे. आज्याच्या पेटीत, शेवटच्या पानासकट. कोपरा जरा उंदराने खाल्लाय पण फुगे सगळे शाबूत आहेत. उद्या सकाळी उजेडात फोटो काढून इथेच टाकतो.